हे इथे कसं आलं?

सोलला जायचं ठरलं तेव्हा माझ्या यादीत कोरियाचं राष्ट्रीय संग्रहालय सगळ्यात वर होतं आणि माझ्या मैत्रिणीच्या यादीत ते नव्हतंच. तिची यादी खाण्याची होती. ही मैत्रीण मूळची सोलची. चाकणजवळच्या एका कंपनीत दुभाषी म्हणून काही वर्षं पुण्यात राहिली, तेव्हा आमची ओळख झाली. मला ताई म्हणायला ती तिथेच शिकली आणि मिसळीचा कट घाम न गाळता संपवायलाही.

"ताई, ते शाळेच्या सहलीचं ठिकाण आहे," तिने नाक मुरडलं. "रांगेत उभं करायचे, वहीत लिहून घ्यायला लावायचे आणि शेवटी बसमध्ये चाचणी."

मी म्हटलं, आमच्याकडे अजिंठा-वेरूळही असंच उरकतात. बराच वेळ घासाघीस झाल्यावर तह झाला. ती येणार, पण प्रत्येक काचेच्या कपाटापुढे उभी राहणार नाही. तिला जिथे काही सांगावंसं वाटेल तिथेच आम्ही थांबायचं, बाकी सगळं चालता चालता. तह माझ्याविरुद्ध आहे असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात तो माझ्या चांगलाच पथ्यावर पडला, कारण ती जिथे जिथे थांबली तिथे तिने वस्तू किती जुनी, कुठल्या राजाची हे सांगायच्या आधी एकच गोष्ट विचारली: हे इथे कसं आलं, माहीत आहे का तुला?

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. चेरीचा बहर ओसरत आलेला, पण हवेत चांगलाच गारठा. मेट्रोच्या चार नंबरच्या लाइनवर इचोन नावाचं स्टेशन आहे. तिथून एक भुयारी रस्ता थेट संग्रहालयाच्या आवारात निघतो, त्यामुळे पाऊस असो की बर्फ, डोक्यावर छप्पर राहतं. वर आलो आणि समोर तळं, त्यामागे लांबच लांब राखाडी इमारत. दोन भागांत विभागलेली, मधे प्रचंड मोठा मोकळा चौक, वर छप्पर, आणि त्या चौकटीतून पलीकडे नामसान डोंगर आणि त्यावरचा मनोरा. रुंद पायऱ्यांवर लोक नुसते बसलेले असतात. आम्हीही बसलो. तिने पहिली हकीकत तिथेच सांगितली आणि ती जमिनीची होती.

हा भाग योंगसानचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी सैन्याने इथे छावणी टाकली. १९४५ मध्ये जपान हरला, जपानी गेले आणि त्याच छावणीत अमेरिकन सैन्य आलं. म्हणजे राजधानीच्या ऐन मध्यात एवढा मोठा तुकडा जवळजवळ शतकभर परक्या लष्कराकडे. संग्रहालयाच्या परिसरात अमेरिकनांचं गोल्फ मैदान होतं. ते १९९२च्या सुमारास परत मिळालं आणि २००५च्या ऑक्टोबरमध्ये ही इमारत लोकांसाठी उघडली.

संग्रहालय स्वतः मात्र याहून बरंच जुनं आहे. त्याची सुरुवात १९०९ मध्ये राजघराण्याचा संग्रह लोकांना खुला झाला तिथून धरतात. नंतर जपानी वसाहतीच्या काळातला गव्हर्नर-जनरलचा संग्रह त्यात आला, कोरियन युद्धात सगळं बांधून दक्षिणेतल्या बुसानला न्यावं लागलं, मग परत सोल, या राजवाड्यातून त्या राजवाड्यात. १९८६ मध्ये तर ते चक्क जपानी गव्हर्नर-जनरलच्या जुन्या कचेरीत हलवलं. ग्याँगबोक राजवाड्याच्या पुढ्यातच जपान्यांनी बांधलेली ती अवाढव्य दगडी इमारत. देशाचा सगळा ठेवा तिथे ठेवला आणि मग १९९५ मध्ये, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून, तीच इमारत पाडायला घेतली. मैत्रीण तेव्हा लहान होती. घुमटाचा कळस क्रेनने उतरवतानाचं टीव्हीवरचं दृश्य तिला आठवतं. "बाबा टाळ्या वाजवत होते आणि आजोबा म्हणत होते, चांगली भक्कम इमारत आहे, कशाला पाडता."

कायमच्या दालनांना तिकीट नाही. बॅगा तपासतात, लॉकर आहेत, आत खालच्या मजल्यावर एक लांब उंच मार्गिका आणि दोन्ही बाजूंना दालनं. अश्मयुगात आम्ही फार रेंगाळलो नाही. हातकुऱ्हाडी पाहिल्या. यातल्या जाँगोकच्या कुऱ्हाडी प्रसिद्ध आहेत, कारण १९७८ मध्ये तिथे नेमणुकीवर असलेल्या एका अमेरिकन सैनिकाला फिरता फिरता त्या सापडल्या आणि पूर्व आशियात अशी हत्यारं नसतातच या समजाला धक्का बसला. तिथून पुढे नक्षीच्या मातीच्या भांड्यांवरून नजर टाकत आम्ही शिल्ला राज्याच्या दालनात आलो. तिथे एका अंधाऱ्या खोलीत एकच सोन्याचा मुकुट ठेवला आहे.

हा मुकुट शिल्लाच्या जुन्या राजधानीतल्या, ग्याँगजूमधल्या ह्वांगनाम-देचोंग या जुळ्या थडग्यातल्या उत्तरेकडच्या टेकाडातून निघाला. १९७३ ते १९७५ असं उत्खनन चाललं. पाचव्या शतकातली वस्तू. झाडाच्या फांद्यांसारखे उभे पट्टे, हरणाच्या शिंगांसारखे दोन पट्टे, त्यांवर लोंबणाऱ्या सोन्याच्या टिकल्या आणि स्वल्पविरामाच्या आकाराचे हिरवे जेडचे मणी. समोरून कुणी जोरात चाललं तरी टिकल्या हलतील इतका पातळ पत्रा. मी अर्थातच हा राजाचा म्हणून पाहत होते. मैत्रीण म्हणाली, बाईचा असावा. त्याच टेकाडात एका कमरपट्ट्याच्या चांदीच्या तुकड्यावर 'पट्टा राणीसाहेबांचा' अशा अर्थाची अक्षरं कोरलेली सापडली. दक्षिणेकडच्या टेकाडात पुरुष. आणि गंमत अशी की सोन्याचा मुकुट बाईच्या वाट्याला, पुरुषाच्या वाट्याला त्याहून साधे. याचं स्पष्टीकरण अभ्यासक आपापल्या परीने देतात. मैत्रिणीचं स्पष्टीकरण असं की घर कोण चालवत होतं ते तेव्हाच्या लोकांना ठाऊक होतं.

त्याच भागात एक दगडी शिलालेख उभा आहे. येणारी बहुतेक माणसं मुकुट बघून त्याच्या शेजारून तशीच पुढे जातात. सहाव्या शतकात शिल्लाच्या जिन्हुंग राजाने हान नदीचं खोरं जिंकलं आणि बुकहानसान डोंगराच्या एका सुळक्यावर हा दगड उभा केला. पुढे हजार-बाराशे वर्षांत तो कुणाचा हे लोक विसरून गेले, कुठल्याशा साधूचा म्हणून सांगू लागले. १८१६ मध्ये किम जाँग-हुई हा विद्वान डोंगर चढून गेला, शेवाळ पुसून त्याने अक्षरं वाचली आणि हा जिन्हुंग राजाचा शिलालेख आहे हे ओळखलं. इथवर ठीक. मग त्याने त्याच शिलालेखाच्या कडेवर, मी येऊन हा वाचला, असं स्वतःच्या नावानिशी कोरून ठेवलं! सिंहगडावर बदामात बाण काढणाऱ्या आपल्या मंडळींचा हा फार थोर पूर्वज. फरक एवढाच की त्याचं अक्षर सुंदर आहे, कोरियाच्या इतिहासात सुलेखनात त्याचं नाव सगळ्यात वरचं, त्यामुळे आता ती खोडीही राष्ट्रीय ठेव्याचा भाग झाली. दगडाच्या मागच्या बाजूला बारीक खड्डे दिसतात. त्या कोरियन युद्धातल्या गोळ्यांच्या खुणा. १९७२ मध्ये हा दगड डोंगरावरून खाली आणून सुरक्षित ठेवला.

मधल्या मार्गिकेत आणखी एक शिलालेख आहे, पण तो दगडाचा नाही. एलईडी पडद्यांचा एक उंच खांब आहे आणि त्यावर अक्षरं उमटतात. गोगुर्यो राज्याच्या ग्वांगगेतो राजाचा ४१४ सालचा मूळ शिलालेख सहा मीटरहून उंच आहे आणि तो आज चीनच्या हद्दीत, जिआनमध्ये. आणता येणार नाही आणि वगळताही येणार नाही, म्हणून ही सोय. मला तो खांब फारसा भावला नाही, विमानतळावरच्या जाहिरातीची आठवण झाली. शाळेची मुलं मात्र त्याला गराडा घालून बसली होती आणि त्यांच्या हातात वह्या होत्या. मैत्रिणीने मला कोपराने ढोसलं.

मार्गिकेच्या टोकाला पोचलो तसं तिचं बोलणं कमी झालं. तिथे छतापर्यंत एक पांढुरका दगडी मनोरा आहे. ग्याँगचॉन-सा या मठातला दहा मजली स्तूप-मनोरा. गोर्यो राजवटीच्या काळात, १३४८ मध्ये संगमरवरात घडवलेला, उंची १३.५ मीटर. कोरियातले बाकीचे दगडी मनोरे बहुतेक ग्रॅनाइटचे, रूपाने साधे. हा मात्र नखशिखांत कोरलेला. खालचे तीन मजले बाहेर-आत अनेक कोन काढलेले, वरचे सात चौकोनी. प्रत्येक मजल्याला लाकडी इमारतीसारखं छप्पर, कौलं, खांब, कठडे. त्या काळी कोरियावर मंगोलांच्या युआन दरबाराची सावली होती. ज्यांनी पैसे दिले ती मंडळीही त्या दरबाराच्या जवळची होती, आणि घडणीतही ती छाप दिसते. तळाच्या पट्ट्यांवर ह्युएन-त्संगच्या भारतयात्रेच्या दंतकथेतले प्रसंग कोरले आहेत, माकडाच्या पात्रासकट. आपल्याकडे शाळेत शिकलेला, महाराष्ट्रातून पुलकेशीच्या राज्यातून फिरून गेलेला तो चिनी भिक्षू इथे एका कोरियन दगडावर भेटेल असं मला वाटलं नव्हतं. मी दोन जिने चढून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या कठड्यांवरूनही हा मनोरा पाहिला. वरचे मजले जवळून दिसण्याची ही सोय फार चांगली केली आहे. मूळ जागी उभ्या असलेल्या मनोऱ्याचे असे वरचे बुद्ध कुणालाच दिसत नसतील.

"हे इथे कसं आलं?" या वेळी मी विचारलं.

१९०७ मध्ये कोरियाच्या युवराजाच्या लग्नाला जपानहून राजघराण्याच्या खात्याचा मंत्री तानाका मित्सुआकी आला होता. परत जाताना त्याला हा मनोरा हवासा वाटला. मनोरा तेव्हा केसाँगजवळच्या डोंगरात, ओसाड पडलेल्या मठाच्या जागी उभा होता. कोरियाच्या राजाने मला भेट दिला, असं सांगून त्याची हत्यारबंद माणसं तिथे पोचली. गावकऱ्यांनी अडवायचा प्रयत्न केला, पण बंदुकांपुढे काय चालणार? मनोरा उतरवला, दगड गाड्यांवर लादून रेल्वेने बंदरावर आणि तिथून जहाजाने जपानला. यावर आवाज उठवला तो सोलमध्ये वर्तमानपत्र चालवणाऱ्या अर्नेस्ट बेथेल या इंग्रजाने आणि होमर हल्बर्ट या अमेरिकन शिक्षकाने. हल्बर्टने परदेशी वर्तमानपत्रांत लिहून या चोरीचा बोभाटा केला. जपानमध्येही टीका झाली. पण परत यायला १९१८ उजाडलं. मधल्या सगळ्या काळात मनोरा जपानमध्ये कधी धड उभा राहिलाच नाही, तुकड्यांतच पडून होता.

परत आल्यावर तरी उभा करावा? ग्याँगबोक राजवाड्याच्या आवारात तो पुन्हा तसाच पडून राहिला, थेट १९६० पर्यंत. मग तुटलेल्या जागी सिमेंट भरून उभा केला. उघड्यावर, ऊनपावसात, आम्लपावसात संगमरवर झिजू लागला. १९९५ मध्ये पुन्हा सुटा केला, सिमेंट काढून टाकलं, एकेक दगड साफ करून दुरुस्त करण्यात दहा वर्षं गेली आणि नवीन इमारतीत तो छपराखाली उभा राहिला. बेथेल आणि हल्बर्ट दोघंही सोलमध्येच यांगह्वाजिनच्या दफनभूमीत आहेत. मैत्रिणीच्या घरचे अजूनही तिकडे गेले की फुलं ठेवतात.

तिच्या घरच्यांचं कारण वेगळं आहे. आजोबा केसाँगचे. १९४५ मध्ये अमेरिका आणि रशियाने ३८ अंश अक्षांशावर देश वाटून घेतला तेव्हा केसाँग दक्षिणेत होतं. युद्ध थांबलं आणि १९५३ मध्ये नवीन रेषा आखली गेली, त्यात ते उत्तरेत गेलं. आजोबा तोवर शिकायला सोलला आलेले. सोलपासून केसाँग साठेक किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळा. आजोबा पुन्हा कधीही गेले नाहीत. मनोरा मात्र जपान्यांनी पळवला म्हणून, आणि परत येताना सोलमध्ये अडकला म्हणून दक्षिणेत राहिला. आजोबा गंमतीने म्हणायचे की आमच्या गावचे दोघंच इथे आलोत, त्यातला एक दगडाचा. ती हे हसत सांगत होती. मी काही बोलले नाही.

जेवण तळमजल्याजवळच्या उपाहारगृहात उरकलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. माझ्या मैत्रिणीचं मतही तेच, फक्त तिने ते सविस्तर मांडलं.

दुसऱ्या मजल्यावर चित्रं आणि सुलेखनाच्या दालनांमध्ये २०२४च्या नोव्हेंबरमध्ये एक स्वतंत्र खोली झाली आहे, उइग्वेची. उइग्वे म्हणजे जोसॉन राजवटीच्या दरबारातल्या सोहळ्यांचे दप्तर. राजाचं लग्न, राणीची अंत्ययात्रा, युवराजाची नेमणूक, राजवाड्याची दुरुस्ती, काहीही असो, त्याचा आधीपासून शेवटापर्यंतचा लेखाजोखा. कुठल्या खात्याला काय हुकूम गेला, किती रेशीम, किती लाकूड, किती तांदूळ, कुठल्या कारागिराने काय केलं, त्या कारागिरांची नावं, आणि शेवटी मिरवणुकीचं पानोपान पसरलेलं रंगीत चित्र: घोडे, निशाणं, पालख्या, वाजंत्री, कोण कोणाच्या मागे. पुढच्या पिढीला तोच सोहळा करायचा झाला तर हे उघडायचं. नाना फडणविसांनी सवाई माधवरावांच्या १७८३च्या लग्नाची जी बारीकसारीक याद काढली होती तिची मला लगेच आठवण झाली. तोच स्वभाव, काही विसरता कामा नये असा. पण इथे त्याचं शतकानुशतकं चाललेलं खातंच होतं, आणि राजासाठी केलेली प्रत हिरव्या रेशमाच्या वेष्टनात, पितळी पट्ट्यांनी बांधलेली, उत्तम कागदावर. बाकीच्या खात्यांच्या प्रती त्यामानाने साध्या.

राजाच्या या प्रती सुरक्षित राहाव्यात म्हणून गांगह्वा बेटावर एक खास ग्रंथालय बांधलं होतं. १८६६ मध्ये कोरियाने फ्रेंच मिशनऱ्यांना मृत्युदंड दिला, त्याचा सूड म्हणून फ्रेंच आरमाराने त्याच बेटावर हल्ला केला. माघार घेताना त्यांनी चांदी आणि निवडक ग्रंथ उचलले आणि बाकी इमारतीला आग लावली. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं हे ग्रंथ कुठे आहेत याचा पत्ता नव्हता. १९७५ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काम करणाऱ्या पाक ब्याँग-सॉन या कोरियन बाईंना ते व्हर्सायच्या गोदामात सापडले. चिनी पुस्तकं म्हणून पडून होते. आधी याच बाईंनी तिथल्याच संग्रहातून 'जिकजी' नावाचं पुस्तक शोधून काढलं होतं, धातूच्या सुट्या खिळ्यांनी १३७७ मध्ये छापलेलं, म्हणजे गुटेनबर्गच्या आधीचं. उइग्वे सापडल्याची बातमी बाहेर फुटली तशी नोकरीवर गदा आली. मग त्या वाचक म्हणून जाऊ लागल्या, एकेक खंड मागवायचा, टिपणं काढायची, वर्षानुवर्षं.

सरकारी पातळीवर मागणी झाली, चर्चा झाल्या. १९९३ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ सोलला आले ते एक खंड हातात घेऊन. कोरिया तेव्हा वेगवान रेल्वेचं तंत्रज्ञान कुणाकडून घ्यायचं हे ठरवत होता आणि फ्रेंच कंपनी शर्यतीत होती. रेल्वेचं कंत्राट फ्रान्सला मिळालं. बाकीचे खंड मात्र आले नाहीत. शेवटी २०११ मध्ये तेही परत आले, सगळे मिळून २९७. पाकबाईंनी ते पाहिले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या.

आता मैत्रिणीचा आवडता मुद्दा. खंड परत आले, पण मालकी फ्रान्सचीच. फ्रेंच कायद्याने सरकारी संग्रहातली वस्तू कायमची देता येत नाही, म्हणून हा पाच-पाच वर्षांचा करार आहे, दर वेळी मुदत वाढवायची. "म्हणजे बघ ताई, आमच्या घरातून नेलेली वस्तू आमच्याच घरात उसनी ठेवलीय."

मी साताऱ्याची. तिला सांगितलं, आमच्याकडे काय झालं ते ऐक. २०२४च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली. पताका, तुताऱ्या, फुलं, सगळं झालं. मी बाबांना घेऊन गेले होते, लांबलचक रांग होती, बाबा काचेपुढे चप्पल काढून उभे राहिले. ती वाघनखंही तीन वर्षांच्या बोलीवर आलेली. ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याबरोबर विलायतेला गेली. महाराजांनी अफजलखानाला मारलं ती हीच, असं त्यांच्या पेटीवर लिहिलेलं आहे आणि हे सिद्ध करता येत नाही असं ते संग्रहालयच सांगतं. आपल्याकडच्या इतिहास अभ्यासकांनीही त्यावरून वाद घातला. कोरियनांच्या बाजूने इतकं तरी आहे की त्यांच्या वस्तूबद्दल शंका नाही, पानापानावर लिहिलेलं आहे. आमच्याकडे भावना खरी आणि पुरावा कच्चा. आणि कागद बळकट असूनही त्यांना मिळालं उसनंच, हे ऐकून मला जरा बरं वाटलं हे कबूल करते. आमच्या या फेरीनंतर काही दिवसांतच लंडनच्या लिलावात रघूजी भोसल्यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती सरळ पैसे मोजून घेतली. मी तिला मेसेज केला: लूट, उसनवारी, खरेदी, तीनही प्रकार झाले. तिचं उत्तर आलं: चौथा राहिला, चोरून परत आणणे.

तिथून जवळच 'विचारमग्नतेची खोली' आहे. नाव ऐकून मी जरा बिचकले होते, अशा खोल्यांत बऱ्याचदा रडकं संगीत आणि धूर असतो. तसं काही नव्हतं. अंधारा वळणाचा बोळ, मग एक मोठी खोली, मातीने सारवलेल्या भिंती, किंचित उताराची जमीन, वर बारीक सळयांचं छत, आणि समोर दोन मूर्ती. शेजारी शेजारी बसलेले, ब्राँझवर सोन्याचा मुलामा दिलेले दोन बोधिसत्त्व. एक सहाव्या शतकाच्या अखेरचा, एक सातव्याच्या सुरुवातीचा. उजवा पाय डाव्या मांडीवर, उजव्या हाताची बोटं गालाला टेकतायत न टेकतायत. साधारण दोन हात उंचीच्या मूर्ती, पण खोलीच त्यांच्यासाठी बांधलेली असल्याने मोठ्या वाटतात. माहितीच्या पाट्या जवळजवळ नाहीत. काचही नाही. मागून फिरून बघता येतं, आणि मूर्तीची पाठ इतकी देखणी असू शकते हे मला तिथे समजलं.

बसायची ही ढब गांधारातून चीन आणि तिथून कोरिया अशी आली. जांभळाच्या झाडाखाली विचारात पडलेला राजपुत्र सिद्धार्थ हे तिचं मूळ मानतात, कोरियात तो येणारा बुद्ध, मैत्रेय झाला. मला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवला. त्याचं दुःख जगाकडे बघून झालेलं आहे. या दोघांना दुःख आहे की नाही ते कळत नाही. ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे, आणि ज्याला हसू आलं त्याला ते दाखवायची घाई नाही.

या मूर्ती कुठल्या मठातल्या? ठाऊक नाही. वसाहतीच्या काळात, १९१० नंतरच्या धामधुमीत त्या बाजारात आल्या. एक १९१२ मध्ये राजघराण्याच्या संग्रहालयाने जपानी दलालाकडून भरपूर रक्कम मोजून घेतली. दुसरी जपानी गव्हर्नर-जनरलच्या हातून संग्रहालयात आली. दलालाला नेमक्या कुठून मिळाल्या हे त्याने धड सांगितलं नाही, सांगणं त्याच्या सोयीचंही नव्हतं. क्योटोच्या कोर्यू-जी मंदिरातली लाकडी मूर्ती यातल्या एकीची जुळी शोभेल, तिचा आणि कोरियाचा संबंध काय यावर दोन्ही देशांचे अभ्यासक अजून भांडतात. मैत्रीण त्या खोलीत एका शब्दाने बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, यांची तक्रार कुणाकडे करणार, पत्ताच नाही.

तिसऱ्या मजल्यावर सेलाडॉनची, म्हणजे पाचूच्या रंगाची, चिनी मातीची भांडी आहेत. तीन सशांच्या पाठीवर उभं राहिलेलं जाळीचं धूपपात्र बघितल्याशिवाय येऊ नये. जोसॉनचा पांढरा, किंचित वेडावाकडा गोल रांजणही. दोन अर्धगोल जोडून तो करतात, म्हणून पूर्ण गोल कधीच होत नाही. त्यावर फार लोक भाळतात, मीही.

आणि मग मध्य आशियाच्या दालनात आम्ही दोघी भांडलो.

तिथे आजच्या चीनच्या शिनजियांगमधल्या तुर्फानजवळच्या बेझेक्लिक लेण्यांमधली भित्तिचित्रं आहेत, भिंतीवरून कापून काढलेली. क्योटोच्या निशी-होंगान्जी पंथाचा प्रमुख ओतानी कोझुई याने १९०२ ते १९१४ या काळात मध्य आशियात मोहिमा काढल्या. तेव्हा सगळ्याच देशांचे लोक तिथून उंटांवर लादून माल नेत होते. हा जपानचा वाटा. पुढे ओतानी कर्जात बुडाला, संग्रह फुटला आणि त्यातला एक भाग एका जपानी उद्योगपतीने १९१६ मध्ये सोलमधल्या गव्हर्नर-जनरलच्या संग्रहालयाला दिला. जपानी गेले, वस्तू राहिल्या. कोरियन युद्धात त्याही बांधून बुसानला नेल्या, त्याही वाचल्या.

"हे इथे कसं आलं?" मी पुन्हा विचारलं. या खेपेस जरा खवचटपणे.

ती म्हणाली, आम्ही चोरलं नाही. मी म्हटलं, ज्याने चोरलं त्याच्याकडून तुम्हाला आलं. ती म्हणाली, बर्लिनला नेलेली बेझेक्लिकची मोठी चित्रं दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात नष्ट झाली, जागेवर जी राहिली त्यांचीही मोडतोड झाली. इथे निदान आहेत. मी म्हटलं, ब्रिटिश संग्रहालयवाले आंध्रातल्या अमरावतीच्या शिल्पांबद्दल नेमकं हेच बोलतात. मग ती चिडली. द्यायचं कुणाला, बीजिंगला? उइगुरांना? मठ बौद्धांचा, आज तिथे राहणारे मुसलमान, राज्य तिसऱ्याचं. आम्हाला जपानकडून काय हवं ते आम्हाला नीट माहीत आहे, पण या भिंतीच्या तुकड्याच्या वतीने मागणारं कोण आहे? मला उत्तर सुचलं नाही. पण मागणारं कोणी नाही म्हणून आपली झाली, हे तिलाही पटलेलं नव्हतं. शेजारचा पहारेकरी आमच्याकडे बघू लागला तेव्हा आम्ही आवाज खाली आणला.

भांडण खालच्या दुकानात मिटलं. संग्रहालयाचं दुकान हे सध्या सोलमध्ये स्वतंत्र प्रकरण आहे. विचारमग्न बोधिसत्त्वाच्या लहानशा रंगीत प्रतिकृती, जांभळ्या, पिवळ्या, पुदिन्याच्या रंगाच्याही. मला त्या फिकट रंगांचं आधी हसू आलं, मग मी एक घेतली. आम्ही गेल्यानंतर काही महिन्यांतच एका अ‍ॅनिमेशन सिनेमामुळे लोककलेतल्या वाघ आणि मॅगपाय पक्ष्याच्या बिल्ल्यासाठी तिथे रांगा लागल्या आणि २०२५ मध्ये संग्रहालयाला भेट देणाऱ्यांचा आकडा ६० लाखांच्या वर गेला. ज्या जागेला माझी मैत्रीण सहलीचं ठिकाण म्हणत होती तिथे आता तिच्याच ऑफिसातली पोरं सुट्टी टाकून जातात. तिला याचा थोडा राग आहे.

कुणी जाणार असेल तर बुधवार किंवा शनिवार निवडावा. आम्ही गेलो तेव्हा या दोन दिवशी रात्री नऊपर्यंत उघडं होतं आणि अंधार पडल्यावर केसाँगच्या मनोऱ्यावर प्रकाशचित्रं टाकून त्यावरचं कोरीवकाम दाखवत होते; वेळा आधी बघून घ्याव्यात. विचारमग्नतेच्या खोलीत सकाळी दार उघडताच जावं, दुपारी सहली येतात. उइग्वेच्या खोलीत पानं बदलत राहतात, त्यामुळे मी पाहिलेली मिरवणूक तुम्हाला दिसेलच असं नाही. आणि उपाहारगृहात जेवू नये. इचोन स्टेशनच्या पलीकडे, बाजाराच्या गल्लीत, हाताने कापलेल्या शेवयांचं गरम कालगुक्सू मिळतं. माझ्या मैत्रिणीच्या यादीत ते पहिल्या नंबरवर होतं.